यजमानाचा डोंगा शेवटी

बेलखेडचा रस्ता सरळ पाण्यात जायचा. नवा पाहुणा गप्पांच्या नादात चालत राहिला तर कमरेपर्यंत भिजूनच शुद्धीवर यायचा, असा रस्ता. धरण झालं, जुनं बेलखेड पाण्याखाली गेलं, नवं बेलखेड वर माळावर बसलं. रस्त्याला मात्र हे कोणी सांगितलंच नाही. तो आपला रोज माळावरून निघायचा, जुन्या गावाकडे म्हणून उतरायचा आणि अर्ध्यात बुडायचा. त्या बुडायच्या जागेला लोक 'उतार' म्हणत.

धरण भरून तिसरं वर्ष होतं. ज्यांनी विहिरीपलीकडे पाणी पाहिलं नव्हतं ते लोक आता डोंगे चालवत होते. डोंगे निवृत्ती भोयानं बांधून दिलेले, आंब्याच्या फळ्यांचे, डांबर फासलेले. वल्हं मारायलाही त्यानंच शिकवलं. पण हात शिकले तरी तोंड कुठं शिकतं? डोंगा वळवताना तोंडातून बैलाचेच शब्द निघायचे. पाण्याच्या मधोमध कोणी "हो रे हो! थिर्रर्र!" असा ओरडला की निवृत्ती काठावर कपाळाला हात लावायचा. "अबे, त्याले कान नाईत!"

उन्हाळ्यात पाणी उतरलं की पलीकडचा गाळ उघडा पडायचा. त्या गाळात डांगर, म्हणजे खरबूज, आणि टरबूज असे यायचे की एका डांगराचा वास अख्ख्या घराला पुरायचा. बाजाराच्या दिवशी पहाटे सगळ्यांनी उतारावरून डोंगे पाण्यात ढकलायचे, पलीकडे जायचं, आदल्या दिवशी तोडून ठेवलेला माल भरायचा आणि परत उतारावर यायचं. तिथं सहदेवचा ट्रक उभा असायचा. तो माल मोताळ्याच्या बाजारात न्यायचा.

ऐकायला सोपं वाटतं ना? पण उतार एका डोंग्यापुरताच रुंद. दोन शेजारी घुसवले तर दोघांची एकेक बाजू गाळात. आणि गाळ असा की पाय घातला की चप्पल धरणाला दान.

त्यात आणखी एक भानगड. पाणी जसं खाली सरकायचं तसा उतारही खाली सरकायचा. माघात तो जुन्या वेशीपाशी असायचा, फाल्गुनात मारुतीच्या पारापाशी, आणि चैत्र लागला की घरांच्या जागा उघड्या पडायला लागायच्या. मातीच्या भिंती केव्हाच विरघळलेल्या. इथं एखादा जोत्याचा दगड, तिथं एखादं उखळ, बाकी सगळा भेगाळलेला गाळ. मोबदला सगळ्यांनी घेतलेला, जमीन सरकारची झालेली. पण पाणी ज्याच्या जुन्या अंगणात येऊन थांबलं त्याच्या अंगात जुना मालक संचारायचा. "माहं अंगन हाय. पयले माहा डोंगा!" आणि लोक गप ऐकून घ्यायचे. कारण उद्या पाणी त्यांच्याही अंगणात येणार होतं, आणि तेव्हा त्यांनाही हेच म्हणायचं होतं.

जानराव पाटलाचं अंगण म्हणजे तर मैदानच. पाणी त्याच्यातून उतरता उतरत नव्हतं. जानराव सगळ्यात आधी डोंगा लावायचा आणि मग तिथंच, भर उतारावर, डांगर निवडत बसायचा. एकेक उचलायचा, बोटानं टिचकी मारायचा, कानाला लावायचा. जसा काही डांगर त्याला आतल्या गोष्टी सांगणार होता. मागं दहा डोंगे पाण्यात डुलत उभे.

या दहातला एक डोंगा इंद्रभानचा. त्याचं जुनं घर खालच्या वस्तीत, बौद्ध मंडळींच्या, नदीला अगदी लागून. ती वस्ती सगळ्यात आधी बुडाली होती आणि सगळ्यात शेवटी वर यायची. म्हणजे इंद्रभानची पाळी यायला अजून अवकाश होता. पण हा चाळिशी उलटलेला माणूस पाळीबिळीची वाट पाहणारा नव्हता. गेल्या महिन्यात त्यानं एक बुजगावणं टोपी घालून उतारावर बसवलं होतं. सकाळचं धुकं. जानरावाचा डोंगा आला. जानराव ओरडला, "सरक बे!" बुजगावणं सरकलं नाही. जानराव त्याच्याशी पार बिडी विझेपर्यंत भांडला. त्याची सात पिढ्यांची कुळी काढली, शेवटी वल्हं हाणलं तेव्हा टोपीसकट मुंडकं पाण्यात गेलं आणि जानराव किंचाळला. त्या दिवसापासून गावात कोणी हट्टाला पेटलं की लोक म्हणत, "सरक बे!" आणि जानराव इंद्रभानकडे पाहत नसे.

पण मागच्या बाजाराला हसण्यासारखं काही उरलं नाही. पाणी जानरावाच्या अंगणातून निघून खाली आलं होतं, खालच्या वस्तीला अजून लागलं नव्हतं. मधला तुकडा कोणाचाच नाही. आणि कोणाचाच नाही म्हटल्यावर तो सगळ्यांचा झाला.

"हे बी माहंच अंगन," जानराव म्हणाला.

"पाटील, तुमचं अंगन हाय का बुऱ्हानपूरची सडक? सरतच नाई!" भगवानराव म्हणाला. "अठी माही बैलगाडी सुटे. पयले मी."

दोघंही एकदम घुसले. तिसराही घुसला. तिन्ही डोंगे एकमेकांत असे अडकले, जशी जत्रेत तीन म्हशींची शिंगं अडकावीत. मागून मनकर्णाबाईचा डोंगा येत होता. म्हातारी खालच्या वस्तीतली, नवरा गेल्यावर याच वर्षी वल्हं हातात घेतलेलं. तिला थांबवता आलं नाही. डोंगा आडवा झाला, पाणी आत शिरलं, डांगर बाहेर निघाले आणि रांगेनं तरंगत धरणाच्या भिंतीकडे चालू लागले. कोणी हात दिला नाही. उलट तिलाच शिव्या. ट्रक निघेस्तोवर ऊन डोक्यावर आलं. मोताळ्यात पोचेपर्यंत बाजार पांगलेला, पिकलेले डांगर उन्हानं ट्रकातच फुटलेले.

सहदेव सरळ माणूस. ओरडला नाही. बिडी चपलेखाली चिरडली आणि म्हणाला, "पाहा बावा, ते सुकेल चिंच दिसते ना? पुढच्या बाजारी ऊन तिच्या बुडाशी आलं का मी टरक चालू करतो. ज्याचा माल आला त्याचा आला. अन् राह्यला कोनाचा, तं त्याच्या बाद मी येनंच बंद. अमडापूरवाले मले कवाचे बलावून राह्यले."

त्या संध्याकाळी बायकोनं, केसरबाईनं, इंद्रभानच्या ताटात भाकर वाढली आणि बाजूला फुटका डांगर ठेवला.

"माणिकरावदादाचा सांगावा आला," ती म्हणाली. माणिकराव तिचा भाऊ, मलकापूरला जिनिंगमध्ये कामाला. "मुकादमाशी बोलला म्हने तो. जागा हाय."

"जिनिंगमंदी?" इंद्रभानचा घास अडकला. "केसर, तठी कापसाची धूळ असते. हासलं का खोकला येते. मी तं आठ दिवसात मरीन."

"हासू नका मंग."

"मंग तं चार दिवसातच मरीन."

केसरबाई हसली नाही. तेव्हा त्याला कळलं की प्रकरण खरं आहे. "अजून एक बाजार पाहते मी," ती म्हणाली. "डांगर याच्यावानी फुटले, नाई तं टरक बंद झाला, तं पेटी भरते. इथं तुमी लोकं मेलेल्या अंगनासाठी जित्या मालाचा चिखल करून राह्यले."

मेलेलं अंगण. हा शब्द इंद्रभानच्या डोक्यात रात्रभर डासासारखा गुणगुणत राहिला.

बाजाराच्या आदल्या दुपारी, गाव उन्हानं पालथं पडलं होतं तेव्हा, इंद्रभाननं घरातलं दगडी उखळ उचलून डोक्यावर घेतलं.

"हे कायले?" केसरबाई दारात आडवी झाली. "मी मिरच्या कायात कुटू?"

"दोन दिवस बिनमिरचीचं खाऊ. चाल, फावडं घे."

दोघं उतारावर आली. पाणी त्याच मधल्या तुकड्यावर होतं. इंद्रभाननं रस्त्याच्या कडेला खड्डा खणला, उखळ काठापर्यंत पुरलं, वरून गाळाचं पाणी फासलं, बोटानं त्याच्या पोटात थोडं शेवाळ चोपडलं. मग दोन पावलं मागं सरकून डोकं वाकडं करून पाहिलं. उखळ असं दिसत होतं की बाबा आदमाच्या बायकोनं त्याच्यात कांडलं असावं.

"अहो, पन आपलं घर तं अजून पान्यात हाय," केसरबाई म्हणाली. "पार तिकडं, लिंबापाशी."

"तुले मालूम, मले मालूम. गावाले काय मालूम? हातभर गाळ बसला हाय. सगये अंदाजानंच मालक होऊन राह्यले. मी बी झालो."

"अन् मालक होऊन काय करसान? पयले डोंगा लावसान? मंग पाटलात अन् तुमच्यात काय फरक?"

इंद्रभानच्या मिशा हसल्या. "थेच तं गंमत हाय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत लोक डोंगे ओढत उतारावर आले. प्रत्येकाच्या कपाळाला आठी, प्रत्येकाचं वल्हं लाठीसारखं हातात. आणि बघतात तर काय, उतार मोकळा. रस्त्याच्या कडेला घोंगडी अंथरलेली. ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ. परातीत गुळाचे खडे आणि फुटाणे. पांढरी टोपी, धुतलेलं धोतर, अशा थाटात इंद्रभान हात जोडून उभा. त्याचा डोंगा वर, बाजूला, कोणाच्या वाटेत येणार नाही असा ओढून ठेवलेला.

"राम राम," भगवानराव संशयानं म्हणाला. "हे काय नवं सोंग बे?"

"जयभीम, भगवानभाऊ, या या! सोंग कायचं? पानी माह्या अंगनात आलं. हे पाहा उखय, माह्या मायचं. माह्या अंगनात पाहुने आले, मंग पानी नको इचारू?"

भगवानरावानं उखळ पाहिलं. त्याचा चेहरा पडला. "तुहं अंगन? मंग काय, तुहाच डोंगा पयले. घाल लवकर अन् मोकळं कर."

"असं कसं?" इंद्रभाननं कानाला हात लावला. "मी यजमान. यजमान पयले जेवते का कुठं पंगतीत? सगये पाहुने जेवतीन, हात धुतीन, मंग माही बारी. तुमी पयले. घ्या, गूळ घ्या. फक्त एक हाय. माह्या अंगनात खोळंबा नाई. टोपले, दोर, वल्हे, सगयं वरतीच भरून तयार होऊन या. अंगनात आले का सरळ पान्यात."

भगवानराव काहीतरी बोलणार होता, पण तोंडात गूळ होता. आणि ज्याच्या अंगणात पाणी प्यायलं त्या अंगणात भांडायचं नाही, हे बेलखेडमध्ये कोणाला शिकवावं लागत नव्हतं. सोयरिकीत मारामाऱ्या झाल्या तरी लोक आधी अंगणाबाहेर येत आणि मग एकमेकांची गचांडी धरत. इथं अंगणाबाहेर म्हणजे गाळ. तिथं कोण जाणार?

भगवानरावाचा डोंगा सुर्रकन पाण्यात गेला. दुसऱ्याचा गेला. तिसऱ्याला वाटलं आपण एकटं ढकलतोय, तर मागून दोघांनी हात लावलेला. त्यांच्या हातात गुळाचा चिकटपणा होता, तोच काय तो त्रास.

मनकर्णाबाई आली. तिनं उखळाकडे पाहिलं, मग पाण्याकडे, मग परत उखळाकडे.

"काबे इंद्रभान," ती मोठ्यानं म्हणाली, "तुहं घर तं आमच्या लिंबापा..."

इंद्रभाननं परातीतला सगळ्यात मोठा खडा तिच्या तोंडात कोंबला. "मावशी, घ्या ना! लाजता काऊन?"

म्हातारीचे दोन्ही गाल फुगले. डोळे मात्र चमकले. तिनं एक शब्दही न बोलता डोंगा पाण्यात घातला. तसंही त्या खड्यापुढं तिला बराच वेळ बोलता येणार नव्हतं.

मग जानराव आला, आणि उतारावरचा गलबला एकदम बसला.

जानराव उखळापाशी थांबला. त्यानं ते नीट पाहिलं. मग वळून वर, आपल्या जुन्या जोत्याच्या दगडांकडे पाहिलं. मग सुकलेल्या चिंचेकडे. मग परत पायाखाली. इतका वेळ तो डांगरालाही लावत नसे. इंद्रभाननं टोपी नीट केली.

"कोनाचं म्हनते हे अंगन?"

"माहं, पाटील."

"हूं."

इंद्रभाननं तांब्या भरून पुढं केला. जुन्या गावात इंद्रभानच्या बापाला याच जानरावाच्या अंगणाच्या कडेला उभं राहावं लागे, आणि पाणी लागलं तर ते वरून ओंजळीत ओतलं जाई. हे तिथं असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. इंद्रभानचा हात पुढंच होता. थट्टा करता करता आपण कुठं येऊन उभे राहिलो हे त्याला आत्ता कळलं. थट्टेत मागं फिरता येतं. तांब्या पुढं केल्यावर येत नाही.

"कुठचं पानी?" जानरावानं विचारलं.

"धरनातलंच. तुमचा डोंगा ज्याच्यात उतरनार हाय, तेच."

जानरावानं तांब्या घेतला. वर धरला, तोंडाजवळ आणला, आणि मग काय मनात आलं कोण जाणे, सरळ ओठाला लावून गटागटा प्यायला. मिशी पुसली.

"अन् गूळ?" तो खेकसला. "पाटलाले नुसत्या पान्यावर वाटे लावतं का बे?"

कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. इंद्रभाननं परात पुढं केली. जानरावानं एक खडा तोंडात टाकला.

सगळे डोंगे पलीकडे पोचले तेव्हा कुठं इंद्रभान आणि केसरबाईनं आपला पाण्यात घातला. शेवटी गेला तो शेवटी भरणार, शेवटी भरला तो शेवटी परतणार. केसरबाई पेटीचा शब्द काढत नव्हती. पण वल्हं असं मारत होती की जणू मलकापूर मागं लागलंय.

पलीकडे माल भरून होईपर्यंत बाकीचे परत उतारावर लागायलाही लागले होते. पाण्यावरून आवाज चांगला येतो, त्यामुळं इंद्रभानला सगळा तमाशा ऐकू येत होता. एक डोंगा लागायचा, चार हात टोपल्या उचलायचे, डोंगा बाजूला, दुसरा आत. जानराव उतरला. सवयीनं एक डांगर उचलून टिचकी मारली. कानाकडे नेला.

"पाटील, पाहुनचार घेऊन बसता का अंगनात?" भगवानराव म्हणाला.

जानरावानं डांगर ट्रकाकडे भिरकावला. तो सहदेवनं अधांतरी झेलला.

मग मनकर्णाबाईचा डोंगा आला, आणि मागच्या बाजारासारखाच आडवा झाला. म्हातारी वल्हं उलटं मारत होती. जेवढं मारेल तेवढं फिरत होती, घाण्याच्या बैलासारखी. मागं तीन डोंगे थांबले. जानरावाचं तोंड शिवीसाठी उघडलं. सगळ्यांनी पाहिलं, उघडलं. मग ते नुसतंच उघडं राहिलं. ज्या अंगणात गूळ खाल्ला त्या अंगणात शिवी कशी द्यावी हे त्याला सापडेना. शेवटी त्यानं तोंड मिटलं, धोतर खोचलं आणि मांडीभर पाण्यात उतरून डोंग्याचं नाक धरलं.

"वहिनी, इकडचं वल्हं थांबवा. नुसतं इकडचं. हां. आता दोन्ही. असं. कोनी शिकवलंच नाई का तुमाले?"

"कोन शिकवते?" मनकर्णाबाई म्हणाली. गूळ आता कुठं विरघळला होता. "मले तं सगये शिव्याच शिकवते."

जानरावानं डोंग्याचं नाक उताराकडे वळवलं. डोंगा सरळ लावून दिला.

इकडे इंद्रभानचा डोंगा निम्म्या पाण्यात आला आणि वारा सुटला. चैत्रातला तो धरणावरचा वारा, समोरून. भरलेला डोंगा दोन हात पुढं जायचा आणि एक हात मागं यायचा. इंद्रभाननं मान वर करून चिंचेकडे पाहिलं. ऊन खोडावरून उतरत उतरत बुडाला टेकलं होतं.

सहदेव सरळ माणूस. त्यानं ट्रक चालू केला.

काळा धूर वर गेला. केसरबाईचं वल्हं थांबलं. तिच्या पायाशी डांगरांचा ढीग, वास असा की पोट भरावं. तिनं एक डांगर उचलला, मांडीवर घेतला. आता याला कुठंच जायचं नव्हतं.

"मलकापूरले डांगर मियते का?" तिनं हळूच विचारलं.

इंद्रभान तेवढा वल्हं मारत राहिला. दहा डोंग्यांचा माल ट्रकात चढला होता. ज्यानं सगळ्यांना वाट दिली त्याचाच माल पाण्यावर. आणि वरून सहदेवचा शब्द: राह्यला कोनाचा, तं येनंच बंद. स्वतःचा डोंगा शेवटी ठेवून त्यानं गावाचा ट्रकही घालवला होता. सगळ्यात मोठी थट्टा त्यानं स्वतःचीच केली होती.

पण ट्रक हलत नव्हता. घुरघुरत होता, हॉर्न वाजवत होता, हलत नव्हता.

केसरबाई उभी राहिली. डोंगा डुलला. "अहो, पाहा. पाहा ना!"

ट्रकाच्या पुढं, रस्त्यावर बरोबर आडवा, जानरावाचा डोंगा पडला होता. भगवानराव आणि आणखी दोघं घाम पुसत होते. त्यांनीच ओढून वर नेला असावा. आणि डोंग्यात, टोपी मांडीवर ठेवून, जानराव पाटील बसला होता. वाट अडवून बसावं तर त्यानंच. तीन वर्षं उतारावर केलेला सराव वाया गेला नव्हता.

"पाटील, सरका!" सहदेव खिडकीतून ओरडला. "ऊन बुडाशी आलं! माहा शब्द हाय!"

"ऊन आलं, यजमान नाई आला," जानराव म्हणाला. "यजमान उपाशी अन् पाहुने वाटे लागले, असं कोन्या गावात पाह्यलं तुनं?"

"मी बोललो होतो..."

"तू ऊन म्हनला होता. हे पाह, ढग आला. ऊन कुठं हाय?"

आभाळात बोटाएवढाही ढग नव्हता. सहदेवनं वर पाहिलं. मग जानरावाकडे. मग रस्त्यावर जमलेल्या लोकांकडे. सगळे आभाळाकडे पाहत गंभीरपणे माना डोलवत होते. मनकर्णाबाईनं तर पदर डोक्यावर घेतला, पाऊस येतोय म्हणून.

"सरक बे!" सहदेव म्हणाला, आणि त्यालाच हसू फुटलं. कारण बुजगावण्याची गोष्ट त्यालाही माहीत होती. त्यानं ट्रक बंद केला.

मग निवृत्ती भोई पाण्यात उतरला, दोर घेऊन, छातीपर्यंत. इंद्रभानचा डोंगा दोरानं ओढला गेला. उतारावर पोचला तेव्हा पाण्यापासून ट्रकापर्यंत माणसांची रांग उभी होती, आणि डांगर हातोहात वर जात होते. केसरबाई फक्त उचलून द्यायची आणि म्हणायची, "सावकाश, सावकाश." कोणीही बोटानं टिचकी मारली नाही.

ट्रक गेला. धूळ बसली. जाताना सहदेवनं काही म्हटलं नव्हतं, फक्त पुढच्या बाजाराला दोन टोपल्या डांगर त्याच्या घरासाठी वेगळे ठेवायला सांगितले होते. म्हणजे पुढचा बाजार होता. इंद्रभान घोंगडीवर धपकन बसला आणि माठातलं उरलंसुरलं पाणी प्यायला.

जानराव शेजारी येऊन बसला. बिडी काढली. एक इंद्रभानलाही दिली. दोघांनी काडी पेटवली. जानरावानं उखळाकडे हनुवटी उडवली.

"बरं उखय हाय," जानराव म्हणाला. "मायचं म्हने तुह्या?"

"हाव. मायचंच."

"अन् हे अंगन?"

"अंगन... हे असंच होतं, पाटील. इथून तिकडपर्यंत."

जानरावानं धूर सोडला. "इंद्रभान, जुन्या गावात माहे दोन जोड बैल, चार म्हशी होत्या. त्याईचं शेन रोज कुठं पडे, मले मालूम नसन काय? त्या चिंचीपासून सरळ खाली. अठीच." त्यानं घोंगडीवर थाप मारली. "हा माहा उकिरडा होता, लेका. तू मले माह्या उकिरड्यावर बसवून गूळ चारला."

इंद्रभानच्या तोंडातली बिडी पडली. केसरबाईनं पदरात तोंड खुपसलं, आणि पदर हलायला लागला.

"मंग... मंग तवाच काऊन नाई बोलले, पाटील?"

"काय बोलू? लोकं खोटं अंगन सांगत होते पयले जायसाठी. म्या बी सांगतलं. खोटं अंगन सांगून मागं राहनारा मानूस म्या पयल्यांदा पाह्यला. म्हटलं, पाहू तं खरं, याचं काय होते." जानराव उठला, धोतर झटकलं. "अन् तहान बी लागली होती."

तो चार पावलं गेला आणि वळला.

"पुढच्या बाजारी पानी अजून खाली जाईन. तवा हे उखय बी खाली घ्या लागन. एकट्यानं उपटू नको, मले आवाज दे. दोघं मियून सरकवू. तठी कोनाचं अंगन होतं?"

"तठी?" इंद्रभाननं मनकर्णाबाईच्या लिंबाच्या तुटक्या खुंटाकडे पाहिलं. पाण्याच्या वर आता फक्त त्याचं टोक आलं होतं. "तठी मावशीचं अंगन येते. खरंखुरं."

"मंग तिले सांग, मी सगयात शेवटी येतो. गूळ राहू दे म्हना माह्यासाठी."

जानराव वर गेला. इंद्रभान एकटाच हसायला लागला, आधी हळू, मग असा की डोळ्यांत पाणी आलं. खोकला मात्र आला नाही.

"चला आता," केसरबाई म्हणाली. फावडं तिनं हातात घेतलंच होतं. "हे उखय काढा पयले."

"नाई ना! आयकलं नाई का? पुढच्या बाजारी दोघं मियून..."

"आठ दिवस?" केसरबाईनं कमरेवर हात ठेवले. "अन् मी मिरच्या कायात कुटू?"

इंद्रभाननं वर पाहिलं. जानराव माळाच्या चढावर होता. इंद्रभाननं दोन्ही हात तोंडाशी धरले.

"ओ पाटील! तुमच्या घरी जास्तीचं उखय हाय काऽऽ?"